दारं धरणाऱ्यांची झोप

रब्बीच्या दिवसांत राहुरी-नेवाशाच्या पट्ट्यात रात्री दोनला शिवारात बॅटऱ्या हलताना दिसल्या तर कुणाला नवल वाटत नाही. ‘आमच्याकडं या आठवड्यात रात्रीची लाईट आहे’ एवढं म्हटलं की सगळं कळतं. सोयऱ्याकडं जायचं असो, बँकेत काम असो की दवाखाना, आधी लाईट कधीची ते बघायचं आणि मग दिवस ठरवायचा. माणसाची झोप विजेच्या वेळापत्रकावरून ठरते, ही गोष्ट नगर जिल्ह्यात इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी आणि कशी सुरू झाली हे कुणी विचारत नाही.

ते विचारायला हवं. झोप मोडली की त्याचा परिणाम रक्तदाबावर, साखरेवर, हृदयावर होतो हे आता पुरेसं सिद्ध झालं आहे. पण झोपेच्या आजाराचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतो तो शहरातला, मोबाइलमध्ये डोकं घातलेला माणूस, नाहीतर मोठ्यानं घोरणारा एखादा गृहस्थ. दारं धरायला, म्हणजे रात्री पिकाचं पाणी वळवायला, गेलेला शेतकरी येत नाही. त्याला झोप येत नाही अशी काही त्याची तक्रार नसते. बांधाला टेकला तरी डोळा लागेल. त्याला झोपू दिलं जात नाही. आणि या जागरणामागं शंभर वर्षांचा इतिहास आहे.

विहिरीवर मोट होती तोवर पाणी उजेडाचं होतं. पहाटे मोट जुंपायची, ऊन चढलं की सोडायची, फार तर तिसऱ्या प्रहरी पुन्हा जुंपायची. सगळं काम बैलाच्या दमावर चाले. बैलाला विसावा द्यावाच लागे, आणि बैलाबरोबर मोट हाकणाऱ्यालाही तो मिळे. कष्ट कमी होते असं नाही, पण रात्र त्या कष्टांच्या बाहेर होती.

त्या काळात झोप मोडायची ती बायकांची. भल्या पहाटे जात्यावर बसल्याशिवाय दिवसाची भाकरी होत नसे. जात्यावरच्या ओव्यांचं आपण कौतुक करतो, ते करावंच. पण ती गाणी पुरती झोप न झालेल्या बाईची आहेत, हेही ध्यानात ठेवावं. गावात पिठाची गिरणी आली, आधी इंजिनवरची, मग विजेवरची, आणि बायकांची पहाट थोडी मोकळी झाली. यंत्रानं माणसाला झोप परत दिली, असं या सगळ्या मागोव्यात हे एकच ठळक उदाहरण मला दिसतं. पुढं त्याच विजेनं पुरुषांची रात्र घेतली, आणि बॅटरी धरायला बाईलाही पुन्हा उठवलं.

जागरणाचं आपल्याला वावडं नाही. खंडोबाचं जागरण-गोंधळ रात्रभर चालतं, कोजागिरी असते, सप्त्यात रात्रीचं कीर्तन आणि पुढं पहाटेचा काकडा. पण ही जागरणं माणसानं आपण होऊन स्वीकारलेली, ठरल्या तिथीची, आणि दुसऱ्या दिवशी झोपायची मोकळीक असलेली. गीतेच्या सहाव्या अध्यायात झोप आणि जागेपण दोन्ही मापात ठेवायला सांगितलं आहे. त्या अध्यायावरचं ज्ञानदेवांचं निरूपण याच जिल्ह्यात, नेवाशात झालं. चरकसंहितेनं निद्रेला आहाराच्या बरोबरीनं शरीराच्या तीन आधारांमध्ये बसवलं. सुश्रुतसंहितेनं तर हिशेबच मांडला: रात्री जितका वेळ जागरण झालं, त्याच्या निम्मा वेळ दिवसा झोपायला हरकत नाही. झोपेची थकबाकी असते आणि ती फेडावी लागते, हे आपल्या वैद्यांना ठाऊक होतं.

रात्रीत पहिली मोठी घुसखोरी केली ती पाटानं. दुष्काळी दख्खनमध्ये इंग्रज सरकारनं धरणं बांधायला घेतली. १९१६ मध्ये दारणा धरण झालं आणि गोदावरीचे कालवे कोपरगाव-राहात्याकडं वाहू लागले. १९२६ मध्ये अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला दिलं गेलं, आणि प्रवरेचे दोन्ही कालवे संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या रानात पोचले. जिल्ह्याच्या उत्तरेचं नशीब पालटलं ते या दोन पाण्यांनी, यात शंका नाही.

पण पाट रात्री बंद करता येत नाही. धरणातून सोडलेलं आवर्तन चोवीस तास वाहतं आणि शेवटच्या चारीपर्यंत पोचायला त्याला दिवस लागतात. रात्री कुणी पाणी घेतलं नाही तर ते नाल्याला जातं. म्हणून शेजपाळी आली: एका चारीवरच्या शेतकऱ्यांनी शेजारच्या क्रमानं, ठरलेल्या वेळी, दिवस असो की रात्र, पाणी घ्यायचं. पाटकरी सांगेल तेव्हा हजर राहायचं. नंबर रात्री एकला आला आणि माणूस झोपून राहिला, तर पुढचं पाणी थेट पुढच्या आवर्तनाला. घड्याळ बघून झोप मोडायची सवय नगरच्या शेतकऱ्याला प्रथम पाटानं लावली. त्यात एक सोय मात्र होती. आवर्तन वर्षातून ठरावीक वेळाच येई, आणि रात्रीचा नंबर आवर्तनात एखादाच असे.

पाटाच्या पाण्यावर ऊस आला आणि उसामागून कारखाना. हरेगावला बेलापूर कंपनीचा, मग टिळकनगरचा, आणि १९५०-५१ च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी साखर कारखाना. तुटलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर उतरते, आणि बॉयलर रोज विझवून रोज पेटवणं परवडत नाही. म्हणून हंगामात गाळप अहोरात्र चालतं. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या आणि पाळी बदलली की भोंगा. तो भोंगा कामगारांसाठी असला तरी आसपासची गावं त्यावरच घड्याळं लावत. ‘रातपाळी’ हा शब्द शेतकऱ्यांच्या घरात शिरला तो इथून.

कारखान्याच्या फाटकाबाहेर मात्र पाळीही नव्हती. पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते, उजाडायच्या आत दोघं फडात. दिवसभर तोड, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी येईल तेव्हा ती भरायची. गाडी रात्री अकराला आली तर अकराला. बैलगाडीवाला कारखान्याच्या तळावर नंबर लागेपर्यंत गाडीखालीच आडवा होतो. पाच-सहा महिने हे असंच चालतं. झोपेच्या तुटवड्याचा हिशेब मांडायचा तर या जिल्ह्यात पहिला मांडावा तो कोयत्यावरच्या बाईचा, असं माझं मत आहे.

मग वीज. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. त्याआधी विहिरींवर ऑइल इंजिनं आली होती. ती धूर ओकत, पण हँडल मारणारा हात शेतकऱ्याचा होता. चालवायचं कधी आणि थांबवायचं कधी हे तोच ठरवी. विजेची मोटर स्वस्त पडली, सोपी पडली, आणि दोन-तीन दशकांत इंजिनं अडगळीत गेली. तेव्हा वीज हवी तेव्हा मिळत होती, त्यामुळं या बदलात आपण काय हातचं सोडतो आहोत हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. पाणी कधी द्यायचं हा निर्णय विहिरीवरून उठून सबस्टेशनात गेला.

वीज अपुरी पडू लागली तेव्हा त्या निर्णयाचा अर्थ कळला. औष्णिक वीजकेंद्र रात्री बंद करून सकाळी सुरू करता येत नाही. रात्री शहरांची आणि कार्यालयांची मागणी उतरते, तरी संच चालूच ठेवावे लागतात. मग ती शिल्लक वीज द्यायची कुणाला? शेतीपंपाला. विजेच्या हिशेबानं हे अगदी तर्कशुद्ध आहे. २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, आणि त्याच सुमारास भारनियमनानं महाराष्ट्र होरपळला. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे केले गेले. गावात सिंगल फेजवर दिवे आणि टीव्ही, शिवारात थ्री फेज ठरलेल्या तासांपुरती. पुढं ते सूत्र पक्कं झालं: चक्राकार पद्धतीनं दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. रात्री दोन तास जास्त, ही रात्रीची भरपाई.

‘चक्राकार’ हा शब्द कागदावर न्याय्य वाटतो. सगळ्यांना आलटून पालटून दिवस मिळतो. शरीरासाठी त्याचा अर्थ काय होतो ते पुढं येईलच. आधी ती रात्र नेमकी कशी असते ते बघू.

कांद्याचं रान आहे. रात्री अकराला लाईट येणार. कुणी स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू. (सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीवर ताण येऊन तो जळतो, म्हणून महावितरण ऑटो काढायला सांगते, आणि डीपी जळाला तर आठवडाभर ना दिवसाचं पाणी ना रात्रीचं.) पण मोटर आपोआप सुरू झाली तरी वाफे आपोआप भरत नाहीत. एक वाफा भरत आला की फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं आणि दुसऱ्याचं फोडायचं. असं दर काही मिनिटांनी, पहाटेपर्यंत. मधल्या वेळात माणूस बांधावर बसतो. पाय गार पाण्यातून निघालेले, अंगावर घोंगडी नाहीतर जुनं जर्किन. डुलकी लागते. पाणी वाफा ओलांडून शेजारच्या रानात शिरतं, तेव्हा तो दचकून उठतो. मध्येच लाईट जाते. आता येईल म्हणून घरी जाता येत नाही. फ्यूज गेला असेल तर ओल्या हातांनी पेटीकडं जायचं, आणि त्या क्षणी डोकं किती जागं आहे यावर जीव अवलंबून असतो. जोडीला साप, विंचू. आणि बिबट्या. अकोले तालुक्यातल्या ऊसपट्ट्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून जो अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या त्या शेतीच्या भागात शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि त्यांचा वावर मुख्यतः रात्रीचा. दिवसा माणूस, रात्री बिबट्या, अशी जी वाटणी आपोआप झालेली होती, ती रात्रीच्या लाईटनं मोडली.

बरं, उजाडल्यावर तरी झोप मिळावी? नगर जिल्हा दुधाचा. पहाटे पाचला गोठा, सहा-सातला संकलन केंद्रावर कॅन. गाईला लाईटचं वेळापत्रक समजावता येत नाही. सुश्रुताची निम्म्या वेळाची मुभा घ्यायला दुपार उरते, तर तेव्हा मजूर रानात आणि नांगराचा ट्रॅक्टर दारात. हीच माणसं मग उसाची ट्रॉली घेऊन रस्त्यावर असतात. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी दाखवलं की सतरा तास सलग जागलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकं घसरतं. पहाटे पाचला उठलेला शेतकरी रात्री दहालाच सतरा तास पुरे करतो. लाईट त्यानंतर येते.

झोपेचं शास्त्र या टप्प्याला कसं पोचलं, तेही बघण्यासारखं आहे. १९३८ मध्ये शिकागोचे नॅथानिएल क्लाइटमन आपला विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन याला घेऊन अमेरिकेतल्या मॅमथ केव्ह या गुहेत बत्तीस दिवस राहिले. सूर्याचा उजेड नाही, दिवस-रात्र नाही. अठ्ठावीस तासांचा दिवस शरीर स्वीकारतं का ते बघायचं. तरुण रिचर्डसनला ते बरंचसं जमलं. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमनना अजिबात जमलं नाही. त्यांच्या शरीराचं तापमान चोवीस तासांच्याच लयीत चढत-उतरत राहिलं. आतलं घड्याळ हुकमानं फिरत नाही, आणि वय वाढलं की तर नाहीच, हा त्यातून निघालेला धडा. पुढं या घड्याळाची जनुकं शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

नगरच्या दृष्टीनं मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो १९८२ चा एक अभ्यास. अमेरिकेतल्या युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी पोटॅश काढणारा कारखाना होता. तिथली पाळी दर आठवड्याला बदले, तीही उलट्या क्रमानं. चार्ल्स झाइसलर आणि सहकाऱ्यांनी ती पुढच्या क्रमानं आणि दर एकवीस दिवसांनी बदलायला लावली. कामगारांची तब्येत, समाधान आणि उत्पादन तिन्ही सुधारलं. शरीराला एका वेळेवर स्थिरावायला आठवडा पुरत नाही. जरा बसतंय तोच घडी पुन्हा विस्कटते. आपलं चक्राकार वेळापत्रक नेमकं हेच करतं, आणि फक्त हंगामापुरतं नव्हे, वर्षानुवर्षं.

१९९९ मध्ये कॅरीन श्पीगेल आणि एव्ह व्हान कॉटर यांनी अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं. तेवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर हाताळायची क्षमता घसरली. भरपूर झोप दिल्यावर ती सावरली. आपल्याकडं अशा सहा रात्री दर पंधरवड्याला येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये रातपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्ककारक’ गटात घातलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तोच निष्कर्ष कायम ठेवला.

आपल्या मुलखातही झोपेवर चांगलं काम झालं आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा २००४ चा अभ्यास भारतातल्या सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासांपैकी एक. मध्यमवयीन शहरी पुरुषांमध्ये झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाण १९.५ टक्के, आणि त्यासोबत दिवसा झोप अनावर होण्याची लक्षणं असलेले ७.५ टक्के. ग्रामीण भागातली गोष्ट अधिक बोलकी आहे. पुणे-नगर रस्त्यालगतच्या वढूला केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आहे. आशिया-आफ्रिकेतल्या आठ देशांत पन्नाशीपुढच्या सुमारे ४४ हजार लोकांना झोपेबद्दल विचारलं गेलं, त्यात वढूची गावं होती. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेचा तीव्र त्रास सांगणारे एकूण १६.६ टक्के, पण वढूचं प्रमाण सर्वांत कमी असलेल्या ठिकाणांत. आपली खेडी सुखानं झोपतात, असा अर्थ त्यातून काढणं सोपं आहे. पण प्रश्न काय होता ते बघा: झोप न लागण्याचा, रात्री जाग येण्याचा, पहाटे लवकर जाग येण्याचा त्रास होतो का? दारं धरणारा यावर ‘नाही’ म्हणेल, आणि खरंच सांगेल. पडल्या पडल्या झोप लागते त्याला. पडायला मिळत नाही, हे त्या प्रश्नात बसत नाही.

या गोष्टीत आशेची जागाही याच जिल्ह्यात आहे. १४ जून २०१७ रोजी राज्य सरकारनं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर केली आणि पहिल्या पथदर्शी प्रकल्पांसाठी पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी निवडलं गेलं. कल्पना साधी: सबस्टेशनजवळ सौर पट्ट्या बसवायच्या, तिथली वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची. सूर्य दिवसाच असतो, त्यामुळं वीजही दिवसाचीच. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. तिच्यातला पहिला प्रकल्प, ३ मेगावॅटचा, सप्टेंबर २०२४ मध्ये शेजारच्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला. जिथं फीडर सौर झाला तिथला शेतकरी उत्पन्नाच्या आधी झोपेबद्दल बोलतो, आणि मला त्यात नवल वाटत नाही. मात्र पाटाचं आवर्तन सौर होत नाही, गाडीतळावरचा नंबर सौर होत नाही, आणि कोयत्यावरच्या बाईपर्यंत तर ही योजना पोचतच नाही. आवर्तनाचं पाणी शेततळ्यात घेऊन दिवसा ठिबकनं द्यायचं, एवढा एक मार्ग पाटावरच्यांना खुला आहे. त्याला लागणारा पैसा लहान शेतकऱ्याकडं नसतो, तिथं अनुदान थेट झोपेसाठी आहे असं समजूनच द्यावं.

लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ. दोन्ही या पट्ट्याच्या मधोमध. सौर झालेल्या आणि न झालेल्या फीडरवरच्या शेतकऱ्यांची झोप, रक्तदाब आणि साखर वर्षभर शेजारी शेजारी मोजायला याहून योग्य जागा मिळणार नाही. दोन्ही संस्थांनी मिळून हे काम हाती घ्यावं. आणि तोवर जिल्ह्यातल्या प्रत्येक डॉक्टरला माझी विनंती आहे: बीपीची गोळी वाढवण्याआधी, शुगर का हटत नाही म्हणून पथ्यावरून रागावण्याआधी, समोरच्या माणसाला एवढं विचारा की या आठवड्यात लाईट कधीची आहे, आणि उत्तर केसपेपरवर लिहून ठेवा.